पोटात घोडा घेऊन उडालेली बॅग

मी बोलतेय. इकडे, खाली, पलंगाशेजारी. निळ्या कापडाची, दोन बंदांची, बिनचाकाची एक छोटी बॅग. विमानात पुढच्या सीटखाली ज्या बॅगा अंग चोरून बसतात ना, त्यांच्यातली मी.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कापड कापलं एकीने, चेन बसवली दुसरीने, बंद शिवले तिसरीने. त्यामुळे माझी आई नेमकी कोण, हे मला आजही सांगता येणार नाही. पण बंद शिवणारी काम करताना गुणगुणायची आणि कुणी सांगितलेलं नसताना टाका दुहेरी घालायची, म्हणून मी मनोमन तिलाच आई मानते.

तिथून मी दुकानात आले आणि सगळ्यात खालच्या फळीवर जाऊन बसले. माझ्या डोक्यावर एक लालचुटूक, कडक पाठीची, चार चाकांची बॅग होती. गिऱ्हाईक दारात आलं की तिच्यावर उजेड पडायचा, आणि माझ्यावर तिची सावली. आमच्या दोघींच्या गळ्यात एकच चिठ्ठी होती, 'विमानात नेण्यास योग्य'. कुठल्या विमानात, ते चिठ्ठी सांगत नव्हती.

एक दिवस दुकानात एक आजी-आजोबा आले. आजोबा सुतार. त्यांच्या काखेत प्लायवुडचं एक बिनझाकणाचं खोकं होतं. दुकानदाराला वाटलं, काहीतरी विकायला आलेत. त्याने बसल्या जागेवरून हात हलवून नको म्हणून सांगितलं. तेव्हा आजोबांनी शांतपणे खोकं खाली ठेवलं आणि म्हणाले, "विकायला नाही, मापायला आणलंय."

झालं होतं असं. त्यांची लेक दूरच्या शहरात राहायची. तिला मुलगी झाली तेव्हा आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. पुढे लेकीला रजा मिळेना. असं करता करता नात चालायला लागली, बोलायला लागली, आणि आजी-आजोबांनी तिला पाहिलं ते फक्त फोनवर. आता एका स्वस्त विमान कंपनीची फेरी त्या शहराला सुरू झाली होती. तिकीट खरंच स्वस्त. पण त्यात माणशी एकच छोटी बॅग. माप जरा जरी वाढलं तरी दंड असा की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून लेकीने फोनवर कंपनीचं माप वाचून दाखवलं आणि आजोबांनी त्याच मापाचं खोकं ठोकलं. जी बॅग यात बसेल ती घ्यायची.

आजींचा जीव लाल बॅगेवर गेला. आजोबांनी ती खोक्यात सोडली. पाठ बसली, पोट बसलं, पण चाकं वर राहिली. "चाकांचं एवढं काय धरताय?" आजी म्हणाल्या. "मी धरत नाही गं, ते धरतात," आजोबा म्हणाले. मग काळी झाली, करडी झाली, फुलाफुलांची झाली. कुणाची मूठ अडली, कुणाचा खिसा. शेवटी गुडघे टेकून आजोबांनी मला खालून ओढून काढलं. मी खोक्यात अशी उतरले, जशी डब्यात पोळी.

किंमत ऐकून आजींना आधी संशयच आला. स्वस्त आहे म्हणजे काहीतरी खोट असणार. आजोबांनी माझी चेन पुन्हा पुन्हा उघडली आणि मिटली. शिवणी ताणून पाहिल्या. मला एका बोटावर टांगून माझं रिकामं वजन अजमावलं. बंदावरचा दुहेरी टाका दिसला तेव्हा त्यांनी त्यावरून हळूच अंगठा फिरवला. एवढ्यात आणखी दोन गिऱ्हाइकं आपापली बॅग घेऊन खोक्यापाशी रांग लावून उभी राहिली होती, आणि मघाशी हात हलवणारा दुकानदार विचारत होता, असंच एक खोकं मला करून द्याल का?

घरी गेल्यावर कळलं, माझ्या पोटात काय जाणार आहे ते. घोडा! नात जन्मली त्याच महिन्यात आजोबांनी तिच्यासाठी डुलणारा लाकडी घोडा केला होता. तो कामाच्या खोलीत उभा राहून राहून कंटाळला होता. आणखी वर्षभर थांबलं असतं तर त्यावर बसायचं तिचं वय निघून गेलं असतं. पण उभा घोडा कुठल्याच बॅगेत मावेना. तेव्हा आजोबांनी तो नव्याने केला, सगळा सुटा होणारा. खिळा नाही, स्क्रू नाही, नुसत्या खाचा आणि लाकडी खुंट्या. डोकं, पाय, पाठीची फळी, खालच्या दोन बाकदार फळ्या, सगळं फडक्यांत गुंडाळून माझ्यात असं रचलं की चेन हसत हसत लागली. दोघांचे कपडे आजींच्या जुन्या बॅगेत गच्च बसले.

निघायच्या सकाळी मात्र आजींनी आजोबांची पाठ वळलेली पाहून माझ्या बाहेरच्या खिशात नातीसाठी विणलेला स्वेटर कोंबला. मग टोपी. मग मोजे. माझं पोट पुढे आलं.

विमानतळावर दारापाशीच्या मुलीने नेमकी मलाच हाक मारली. तिथे लोखंडी पिंजरा होता, अगदी खोक्याच्या मापाचा. "यात घालून दाखवा, काका." आजोबा निर्धास्त. त्यांनी मला वर धरून सोडलं आणि मी अर्ध्यात अडकले. आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजींनी छताकडे पाहिलं.

मुलगी नियमाने बोलत होती, तिचं काही चुकत नव्हतं. दंड भरा, नाहीतर सामान काढा. मागे रांग वाढत होती. आजोबांचा हात घोड्याच्या डोक्याकडे गेला, आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. डोक्याशिवाय घोडा काय कामाचा? तेवढ्यात आजींनी खिसा उघडला. इवलासा स्वेटर त्यांनी मफलरसारखा गळ्यात बांधला, टोपी मुठीएवढ्या अंबाड्यावर चढवली आणि मोजे बोटांवर घातले. "हे अंगावरचे कपडे आहेत," आजी त्या मुलीला म्हणाल्या, इतक्या गंभीरपणे की रांगेतल्या लोकांना हसू आवरेना.

मी पिंजऱ्यात सर्रकन उतरले. पण आता बाहेर निघेना! त्या मुलीने ओढलं, आजोबांनी ओढलं. मग आजोबांनी तिला थांबवलं. फुगून अडकलेला टेबलाचा खण काढतात तसं त्यांनी मला आधी डावीकडून हलकंच वर घेतलं, मग उजवीकडून, आणि मी अलगद त्यांच्या हातात आले. ती मुलगी हसून म्हणाली, "जा काका, बसा लवकर." सीटखाली बसून मी पहिल्यांदा ढगांच्या वर गेले. दिसलं काहीच नाही. आनंद मात्र झाला.

लेकीच्या दारात नात आईच्या मागे लपली. लाडाने तिला सगळे भिंगरी म्हणत, पण त्या क्षणी ती खांबासारखी उभी. आजींनी हाक मारली, ती हलेना. आजोबांकडे तिने अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. आजोबांचा चेहरा उतरला. ते जमिनीवर बसले, मला उघडलं आणि घोडा जोडू लागले. हातोडी विमानात चालत नाही. खुंट्या ते बुटाच्या टाचेने ठोकत होते.

भिंगरी एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. ती घोड्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या हाताकडे बघत होती. आजोबांना फोन कधी नीट धरता यायचा नाही. पडद्यावर तोंड कमी आणि काळ्या नखाचा अंगठाच जास्त दिसायचा. तिने तो अंगठा मुठीत पकडला आणि म्हणाली, "आजोबा."

बूट त्यांच्या हातातून गळून पडला. घोडा बराच वेळ तीन पायांवर राहिला.

पंधरवडा डुलण्यात गेला. निघायच्या दिवशी आजोबांनी आपले चार कपडे आजींच्या बॅगेत ठेवले आणि मला उचललंच नाही. लेक म्हणाली, "बाबा, बॅग राहिली."

"राहू दे," आजोबा म्हणाले. "तिला आणून पोचवायला तुम्हाला यावं लागेल."

त्यांना जाताना पाहून मला भरून आलं होतं. पण त्या शब्दांनी माझी मान ताठ झाली. कुणीतरी मला भरवशाने मागे ठेवलं होतं. स्वस्तातल्या बॅगेला आणखी काय हवं?

आज लेकीची रजा मंजूर झाली. तिकिटं निघाली आहेत. भिंगरीने मला पलंगाखालून ओढलं आहे आणि स्वतः भरायला घेतलं आहे. आत्तापर्यंत एक मोजा, एक चमचा आणि अर्धं बिस्कीट आत आलं आहे. तुम्हीही कधी माझ्यासारखीला घ्याल, तेव्हा एवढंच करा: घरी मापा, चाकंही मापा, आणि निघायच्या सकाळी आजीवर नजर ठेवा.

थांबा, आता भिंगरी स्वतःच माझ्यात येऊन बसली आहे, गुडघे छातीशी घेऊन. वरून म्हणते आहे, "आई, चेन लाव."

बाळा, तू मापात बसत नाहीस गं. तुला तिकीट काढूनच न्यावं लागणार.