घरातलं उदाहरण

माझं लाल पेन फार चालतं. पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवतेय, पण चूक दिसली की अजून धीर धरवत नाही.

सातवीला मी तीन शब्द दिले. सहजीवन, म्हणजे दोघांचाही फायदा. सहभोजिता, म्हणजे एकाचा फायदा आणि दुसऱ्याला ना नफा ना तोटा. परजीविता, म्हणजे एक पोसला जातो नि दुसरा झिजतो. "पुस्तकातलं उतरवून आणलंत तर बघा," मी दम भरला. "उदाहरणं आपापल्या घरातली हवीत."

वर्गात एक मुलगी होती, डुलकी. नाव मीच पाडलेलं. तिसऱ्या तासाला तिची मान हटकून पडायची. "काय गं, चोऱ्या करायला जातेस की काय?" असं विचारलं की वर्ग खो खो हसायचा, तीही हसायची. तिला आईवडील नव्हते. लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या मावशीकडे ती राहायची.

तिची वही मी मधल्या सुट्टीत तपासली. सहजीवनापुढे काहीच नव्हतं. सहभोजितेपुढे होतं, "पाल आणि आम्ही. तिला दिव्याजवळचे किडे मिळतात, आम्हाला काही होत नाही." छान! परजीवितेपुढे होतं, "मावशी आणि मी. पहाटे तीनला उठून कपडे मी धुते, इस्त्री मी करते. डोळा लागला की मावशी गरम इस्त्री जवळ आणते. एकदा टेकवली."

मी कपाळावर हात मारून घेतला. लाल अक्षरात लिहिलं, "परजीवितेला दोन वेगळ्या प्रजाती लागतात. तुम्ही दोघी माणसंच. शून्य. पुन्हा लिहून आण." खाली 'पालकाची सही' हा शिक्का मारला. शून्य मिळालं की घरून सही आणायची, हा माझा नियम. तो मी कधी कुणासाठी मोडला नव्हता.

डुलकी वही घेऊन टेबलापाशीच घुटमळली. "बाई, सही नको ना. मी दहा वेळा लिहून आणते."

"शंभर वेळा लिही. सही हवीच."

तिचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, नाटकं.

चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी तिच्या शेजारच्या मुलीनं वही आणून दिली. जुनं पान फाडलेलं होतं. नव्या पानावर होतं, "ऊ आणि माणूस." अगदी बरोबर उत्तर. खाली मावशीची सही. पण उत्तराचं अक्षर वेडंवाकडं, ओळीबाहेर गेलेलं. डुलकीचं अक्षर मोत्यासारखं होतं. तिनं हे डाव्या हातानं लिहिलं होतं.

पोरीनं जिवावर उदार होऊन मला सांगितलं, आणि मी ते शिक्का मारून नेमकं मावशीच्याच हातात दिलं. अगं बाई गं, काय करून बसले मी!

तशीच उठून पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारबाईंना घेऊन घर गाठलं. कपड्यांच्या ढिगाशेजारी डुलकी बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला. हवालदारबाईंनी मावशीला बाहेर काढून दार लावलं.

"कसं भाजलं, बाळा?"

"इस्त्री पडली. माझ्याच हातून."

"वहीत तू काही लिहिलं होतंस, असं या बाई म्हणतात."

"नाही लिहिलं."

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. रडू आवरत नव्हतं. "घाबरू नकोस गं. मावशी बाहेर आहे, तिला काही ऐकू जाणार नाही. आम्हाला खरं सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर परवडलं असतं, पण राग नव्हता.

"तुम्हाला सांगितलं की तिला कळतं," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं ढिगातला पुढचा सदरा ओढून घेतला.