व्हर्लबाबाचं दहा मिनिटांचं मौन

त्या शनिवारी आमच्या गावच्या बंबखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आग कुठेच लागली नव्हती. उलट काहीच पेटत नाही, ही सगळ्यांची तक्रार होती.

दर ऑक्टोबरात मक्याची कापणी आटोपत आली की नेब्रास्कातल्या आमच्या या टीचभर गावातली पोरं सुटे भाग घेऊन बंबखान्यात जमतात आणि गेमिंगचे कॉम्प्युटर जोडतात. आया खिमा-राजम्याची चिली आणि तिच्यात बुडवायला दालचिनीचे गोड रोल आणतात. मग बटण दाबलं जातं. पंखे फिरतात, आतले रंगीत दिवे नाचतात आणि मॉनिटर मात्र काळाठिक्कर. वर दोन शब्द: नो सिग्नल.

आणि मग हाक जाते, "व्हर्लला बोलवा."

व्हर्ल क्रेमर पूर्वी शेजारच्या परगण्यात वापरलेले ट्रॅक्टर विकायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला म्हणे साक्षात्कार झाला. तेव्हापासून तो मनगटाला तांब्याची तार गुंडाळून फिरतो आणि मेलेले कॉम्प्युटर जिवंत करतो. मी मनातल्या मनात त्याला व्हर्लबाबा म्हणते. तोंडावर सगळे मिस्टर व्हर्ल.

त्याचं तत्त्वज्ञान साधं होतं. यंत्राला भूक नसते, तहान नसते, पण लाज असते. कारखान्यातून निघून इतक्या परक्या हातांतून आल्यावर ते बावरतं. त्यात ही पोरं त्याच्याकडे टक लावून बघत बसतात! तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करायची, छातीवर हात ठेवायचा आणि दहा मिनिटं मौन पाळायचं. तोवर व्हर्ल एकटा यंत्राशी कुजबुजणार.

आणि खरंच, दहा मिनिटांनी वळून बघावं तर बहुतेक वेळा मॉनिटर उजळलेला. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याने असे तीन जिवंत केले होते. मोठी माणसं डोळे पुसत होती. व्हर्ल दक्षिणा घेत नसे, म्हणून तर लोक त्याला आणखीच मानत. फक्त एखादं यंत्र उठलंच नाही, तर तो त्यातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, काढून न्यायचा. ते मेलं आहे, घरात ठेवलं तर बाकीचे भागही सोबत नेईल, म्हणून तो ते शेतात पुरायचा. मागच्या वर्षी अशी चार कार्डं गेली. चारही त्या दिवशीची सगळ्यात भारी. मृत्यूलाही किमतीची इतकी पारख असते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

या वर्षी माझी मैत्रीण मारिसोल ओर्तेगा पहिल्यांदाच कॉम्प्युटर जोडत होती. त्यासाठी तिने दोन उन्हाळे बियाण्याच्या शेतात मजुरीवर मक्याचे तुरे खुडले होते. पहाटे दवाने भिजलेली पानं हात कापतात आणि दुपारी ऊन त्याच जखमा भाजून काढतं. हे मी ऐकीव सांगत नाही, मीही तिच्या शेजारच्या ओळीत होते. माझे पैसे दातांच्या तारांत गेले, तिचे एका ग्राफिक्स कार्डात. सोमवारी शाळेच्या गेमिंग संघाची निवड होती. जुन्या लॅपटॉपवर खेळून दोनदा ती बाहेर फेकली गेली होती.

तिने बटण दाबलं. पंखे फिरले. नो सिग्नल. तिने बंद केलं, पुन्हा चालू केलं. अर्ध्या मिनिटाने पुन्हा बंद, पुन्हा चालू. सहाव्या वेळी तिच्या वडिलांनी व्हर्लला खूण केली. मिस्टर ओर्तेगा मांसाच्या कारखान्यात काम करतात आणि मोठ्यांशी वाद घालू नये अशा मताचे आहेत.

व्हर्लने कार्डाकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग हुकूम सुटला आणि आम्ही सगळे बंबाकडे तोंड करून उभे राहिलो.

आता आमचा बंब म्हणजे अग्निशमन दलाचे प्रमुख, चीफ वानेक यांचा जीव की प्राण. मिरवणुकीसाठी त्यांनी त्याचा बंपर असा घासला होता की त्यात बघून भांग पाडावा. मी भांगच बघत होते. माझ्या कानामागे मला व्हर्ल दिसला. तो कुजबुजत वगैरे काही नव्हता. तो कॉम्प्युटरच्या मागे वाकला, मॉनिटरची वायर खालच्या भोकातून काढली आणि वरच्या भोकात खुपसली. मग खिशातून रोल काढून खाल्ला.

दहा मिनिटं झाली. मॉनिटर काळाच. व्हर्लने टोपी काढली.

"कार्ड गेलं, पोरी. रडू नकोस. तुझी चूक नाही."

मारिसोल रडली नाही. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्वतःच कार्डाचा स्क्रू सोडवायला लागली. ते मला बघवेना.

"मिस्टर व्हर्ल, वायर का हलवलीत?"

"कुठली वायर, बेटा? तुझी पाठ होती ना इकडे?"

लोक हसले. मागच्या वर्षीची मी असते तर तिथेच जमिनीत गेले असते.

"बंपरमध्ये दिसलं," मी म्हणाले.

चीफ वानेक उठले, बंपरसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ निरखत राहिले. "दिसतं," ते अखेर म्हणाले. "टेबलावरची भांडीसुद्धा दिसतात. घासलाय कुणी?"

मी वायर दाखवली. वरचं भोक मदरबोर्डाचं, खालचं कार्डाचं. मारिसोलच्या प्रोसेसरला स्वतःहून चित्र काढता येत नाही, ते काम फक्त कार्डाचं. बोर्डाच्या भोकात वायर लावली तर तिथून चित्र येणार कुठून? स्क्रू पुन्हा घट्ट केला, वायर खाली लावली, बटण दाबलं. मॉनिटर उजळला.

आणि व्हर्लबाबा काय म्हणाला असेल? "बघा, माझ्या मौनाचा परिणाम. जरा उशिरा झाला इतकंच." गंमत म्हणजे चार-पाच माना डोलल्या. मघाचे तीन मग कसे उठले, असं कुणीतरी विचारलंही.

प्रश्न रास्त होता. उत्तर मदरबोर्डासोबत येणाऱ्या पुस्तिकेत होतं. ती पुस्तिका आमच्याकडे डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घालतात. मी ती ओढून काढली, टेबल डुगडुगू दिलं आणि एकोणिसावं पान मोठ्याने वाचलं. नवा बोर्ड पहिल्यांदा चालू झाला की आपल्या मेमरीच्या पट्ट्या तपासतो. त्याला काही मिनिटं लागतात, तोवर पडदा काळा राहतो, मधेच बंद करू नये. आम्ही अर्धं मिनिट थांबतो, घाबरतो, बंद करतो आणि बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो. व्हर्लच्या मौनात फक्त एक गोष्ट घडायची: दहा मिनिटं बटणाला कुणी हात लावायचं नाही.

पटावं म्हणून चीफ वानेक यांचा कॉम्प्युटर घेतला. एरवी ते शेतकरी; दिवसभर खरा ट्रॅक्टर चालवून संध्याकाळी त्यांना खेळातला चालवायचा असतो. सकाळपासून त्यांनी तो अकरा वेळा बंद केला होता. बारावं बटण दाबून आम्ही जेवायला बसलो. मौन नाही, पाठ नाही, छातीवर हात नाही. उलट चीफ त्याला मधून मधून शिव्या घालत होते. चिलीचा दुसरा वाडगा भरत असताना मॉनिटर उजळला. अजिबात न लाजता.

तेव्हा मिस्टर ओर्तेगा उठले. त्यांनी व्हर्लला अगदी नम्रपणे विचारलं, "ती चार कार्डं कुठे पुरलीत, साहेब? फावडं माझ्याकडे आहे."

व्हर्लला नेमकं शेत आठवेना. त्याच्या गाडीत एक कार्ड मात्र खोक्यासकट सापडलं. बाकीची तीन विकून झाली होती.

व्हर्लबाबा काहीच करत नव्हता असं नाही. तो आम्हाला थांबायला लावायचा, आणि थांबायचं श्रेय स्वतः घ्यायचा. म्हणून एवढंच सांगते: कुणी चमत्कार करताना पाठ फिरवायला सांगितलं, तर फिरवू नका. काय केलंत ते विचारा, आणि तेच त्याच्याशिवाय करून बघा. बरं झालेल्यांची यादी कुणी वाचली, तर न झालेल्यांचं काय झालं तेही विचारा.

मारिसोल सोमवारी निवडीला गेली आणि दुसऱ्या फेरीत हरली. कार्ड उत्तम चाललं, तिचा हात कमी पडला. आता ती रोज शाळेनंतर दोन तास सराव करते. त्याला दुसरा उपाय नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.