शेपटातली वेणी

मी विमानाच्या कारखान्यात तारांचे जुडगे बांधायला लागले, तेव्हा माझी सून शाळेत पाटी पुसत होती. आज तीच मला शिकवते. विमानातल्या एका यंत्रानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, हे बघणं तिचं काम. मी चौथीत शाळा सोडली. पण माझ्या हातच्या तारेत आजवर कुणी खोट काढली नव्हती.

त्या दिवशी दोन वाजता लढाऊ विमान उडायचं होतं. त्याआधी जमिनीवरच तपासणी चालली होती. वैमानिकानं रेडिओचं बटण दाबलं आणि शेपटाची, विमान वळवणारी फळी आपोआप थरथरली.

"एकदाच तर हलली," साहेब सुनेला म्हणाले. "सही करा."

"हवेत एकदा हलली तरी माणूस जातो," सून म्हणाली.

वैमानिक हसला. "ताई, मी बोलतच नाही ना रेडिओवर. घरी तरी कुठे बोलू देतात मला!"



"रेडिओचा गोंगाट तारेत शिरतोय," सून म्हणाली. "शेपटाकडची तार कुणी उघडली होती?"

परवा मीच उघडली होती. बाहेरचा गोंगाट अडवणारी तारेवरची जाळी चहूबाजूंनी कड्यात दाबायची असते. कडं नीट बसेना, म्हणून मी जाळीचे धागे सोडवून त्यांची वीतभर वेणी घातली आणि टोक स्क्रूखाली दाबलं. काय देखणी दिसत होती!

दीड वाजला. साहेबांनी पेन पुढे केलं. "तुम्ही नाही केलीत तर दुसरं कुणी करेल."

वैमानिक शिडी चढायला लागला.

"उतर रे खाली!" मी ओरडले. "झाकण उघडा. तिथं माझी वेणी आहे."

सुनेनं आत डोकावून बघितलं. "आई, हे तर रेडिओला दार उघडं ठेवल्यासारखं झालं."

"कळलं. भाषण घरी दे. पक्कड दे इकडे."

वेणी कापली, नवं कडं घट्ट बसवलं. वैमानिकानं दहा वेळा बटण दाबलं. फळी ढिम्म.

सुनेनं चुकांची वही उघडली. साहेब मला सांभाळून घ्यायला म्हणाले, "लिहा, तार सैल होती."

"सैल?" मी भडकले. "माझी तार उभ्या जन्मात सैल नव्हती! वेणी घातली असं लिही. आणि माझं नाव लिही, ठळक."

तिनं लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "आई, अशा आणखी किती घातल्यात?"

पलीकडे दुसरं विमान उभं होतं.

"शिडी घे," मी म्हणाले.