तीन फटक्यांनंतर

काहामार्काच्या डोंगरात आमच्या वस्तीपर्यंत पोलीस चढत नाहीत. चोर आम्हीच पकडतो, निवाडाही आम्हीच करतो. एलेउतेरियो चुकिमांगो आमच्या गस्तीचा प्रमुख होता, शिवाय चर्चमधला वडील, म्हणजे मंडळीतला ज्येष्ठ पुढारी. रविवारी प्रवचन तोच द्यायचा.

निकानोरने दोमितिला म्हातारीने खाण्यासाठी पाळलेले गिनीपिग चोरले, तेव्हा सभेने ठरवलं, चाबकाचे तीन फटके आणि पाण्याच्या पाटाची साफसफाई. फटके प्रमुखाने मारायचे.

निकानोर चौकात गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "जरा हळू रे भाऊ, हात दुखला तर रविवारी बायबल कसं उचलशील?"

सभा खो खो हसली. एलेउतेरियोची बायको मेल्चोरासुद्धा हसली.

तीन फटके झाले, पण चाबूक थांबेना. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग हसणं विरलं. निकानोरच्या मानेवरून रक्त ओघळलं तशी दोमितिला काठी टाकून मध्ये शिरली.

"पुरे! चोरी माझ्या घरी झाली. तुझं काय नेलंय त्याने?"

निकानोर धापा टाकत म्हणाला, "तीन माझे होते. बाकीचे कुणाचे?"

घरी मेल्चोराने उकडलेले बटाटे पुढे ठेवले. एलेउतेरियोने हात लावला नाही. "सगळ्यांसमोर हसला तो मला," तो पुटपुटला.

"आम्ही सगळेच हसलो. प्रभूलाही हसले होते की, क्रुसावर. आणि त्याच्या हातात केवढी सत्ता होती! तुम्हीच सांगता ना?"

दुसऱ्या दिवसापासून वाटेत भेटेल तो त्याची पाठ थोपटायचा. "चोरच तो लेकाचा! दोन जास्त पडले तर काय बिघडलं?" प्रत्येक शाबासकीसरशी एलेउतेरियोची मान आणखी खाली जायची.

शेवटी तो निकानोरकडे गेला. निकानोर पालथा पडला होता. बायको त्याच्या पाठीला ओलं फडकं लावत होती. ती एलेउतेरियोकडे पाहीना.

"चुकलो मी. माफ कर."

"इथे होय?" निकानोर उशीतूनच बोलला. "मारलंस चौकात, आणि माफी मागतोस माझ्या खाटेपाशी?"

पुढच्या सभेत एलेउतेरियो उभा राहिला.

"तीन फटके तुम्ही सांगितलेले. पुढचे माझे. चोरी केली म्हणून नाही, मला हसला म्हणून मारले. तुम्ही दिलेला अधिकार मी माझ्या रागाला दिला. ज्याला स्वतःचा हात आवरत नाही, त्याने गाव काय आवरायचं? प्रमुख दुसरा निवडा. चर्चमध्येही मी वडिलांच्या बाकावर बसणार नाही."

"बस रे, एवढं काय लावून घेतोस मनाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्या ओरडण्याला कुणी साथ दिली नाही. त्या दिवशी चौथा फटका पडला तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो, आणि उठली होती ती एकटी म्हातारी.

निकानोरने टोपी डोक्यावर ठेवली. "ऐकलं मी," तो म्हणाला आणि पाटाच्या कामाला निघून गेला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. एलेउतेरियो आमच्यासमोर तसाच उभा राहिला, आणि आम्ही आपापल्या पायांकडे बघत बसलो.