खांद्यावरून पूल

घरच्या सुनेने पाहुण्या लेखिकेच्या हातात चहा दिला, मग कादंबरीचा गठ्ठा टेबलावर ठेवून बरोबर मधलं पान उघडलं.

"राक्षसाबद्दल आमचं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण हे बघा. इथे आमचे सासरे चार वर्षांचे आहेत, वडिलांच्या खांद्यावर बसून पूल बघताहेत. अहो, त्यांचे वडील गेले तेव्हा ते पोटात होते."

खिडकीबाहेर तोच पूल उभा होता. तो बांधणाऱ्या माणसाने लेखिकेला पुरतं झपाटलं होतं. पुराने दोनदा पाया वाहून नेला, तरी हा आपला पुन्हा कंबरभर पाण्यात. अशा माणसापुढे नदीतला राक्षससुद्धा हात जोडेल असं तिला वाटलं, म्हणून तिने कादंबरीत खरंच राक्षस आणला आणि त्याला हात जोडायला लावले. पुलाच्या कमानी तिने स्वतः मोजल्या, दगड कुठून आले तेही शोधलं. पोराचं वय तेवढं अंदाजपंचे ठोकून दिलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, दुसरं काय!

प्रकाशकाने तर आधीच बजावलं होतं, माणूस खरा आहे, घरच्यांचा होकार नसेल तर पुस्तक निघणार नाही. आणि तो होकार समोर आरामखुर्चीत बसला होता. पूल बांधणाऱ्याचा मुलगा, आता नव्वदीला टेकलेला. सून त्याला रोज संध्याकाळी कादंबरी वाचून दाखवायची, पण गडी अजून हूं की चूं बोलला नव्हता.

लेखिकेने घाईघाईने माफी मागितली. तो प्रसंग काढूनच टाकते म्हणाली. नाहीतर पुस्तकाच्या शेवटी एक पान असतंच, खरं काय आणि मनाचं काय ते सांगणारं. राक्षस तिथे आलाच आहे, त्याच्याखाली हेही लिहिते. सुनेला ते पटलं. लेखिकेने पेन उघडलं.

म्हाताऱ्याने हात वर केला.

"ते खांद्याचं पान मी कितीदा वाचून घेतलं, सांग त्यांना."

सून जरा ओशाळली. "रोज. आधी ते, मग पुढचं."

"वडिलांबद्दल मला सगळ्यांनी सांगितलं," म्हातारा म्हणाला. "असे जिद्दी, तसे धाडसी. दरवेळी ऊर भरून यायचा. पण मी त्यांचे केस धरून बसलो होतो, हे कुणी नाही सांगितलं."

"आजोबा, ते खोटं आहे," लेखिका हळूच म्हणाली.

"ते मला माहीत नसेल, तर कुणाला असणार?" तो हसला. "राक्षस खोटा आहे, हे खुशाल लिहा. खांद्याचं तेवढं लिहू नका."

लेखिकेने पेनाला टोपण लावलं, सुनेपुढचं पान आपल्याकडे ओढलं आणि स्वतःच मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. दोन्ही हात थोडे पुढे आले आणि मुठी घट्ट वळल्या, पडायला होऊ नये म्हणून.