कपाळावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. पुढे काच आणि मागे हे भलंमोठं सुटलेलं पोट. माझ्यात कसलाही बिघाड नाही, आणि तेच तर माझं दुखणं आहे.

कारखान्यात एका बाईंनी मला तपासलं. सेकंदाला पंच्याऐंशी वेळा माझं चित्र उमटवून पाहिलं. एवढ्या वेगात ते अगदी स्थिर दिसतं. बाईंनी समाधानानं शिक्का मारला आणि मी एका घरात आलो.

बाबांनी वायर जोडली. चित्र आलं, पण सेकंदाला साठच वेळा उमटणारं. तो वेग आपोआप लागतो. बदलायला दोन मिनिटं पुरतात. बाबा बदलायला सरसावले, तर आई म्हणाली, "चालतंय ना? मग उगाच खाजवू नका. तुम्ही उघडलेला रेडिओ अजून डब्यात पडलाय!" तिनं माझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली : 'सेटिंगला हात लावू नये.'

घरात आईचा शब्द शेवटचा. चिठ्ठी सहा वर्षं टिकली.

त्यांची मुलगी एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. दर रविवारी ती आणि बाबा माझ्यावर गाड्यांची शर्यत खेळायचे. "काय झकास दिसतं गं!" बाबा म्हणायचे. मी फुलून जायचो. पण खेळून उठली की भिंगरी कपाळ दाबून बसायची. आईनं जमिनीवर पट्टी चिकटवली, तिच्यापुढे बसायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत.

"मग हा डबाच पोरीचं डोकं खातोय," आई म्हणाली. "नवा येईपर्यंत शर्यत बंद."

अहो, साठवर मी लुकलुकतो! त्यानंच तिचं डोकं दुखतं! पण मला तोंड कुठंय? आणि कपाळ होतं, तर त्यावर चिठ्ठी.

जुना देऊन नवा घ्यायचा म्हणून मलाही दुकानात नेलं.

"मोठा दाखवा," बाबा म्हणाले.

"डोळ्यांना त्रास न देणारा," आई म्हणाली.

"पळताना गाडी पुसट न होणारा," भिंगरी म्हणाली.

"तिन्ही एकात?" दुकानदार हसला. "तो अजून जन्माला यायचाय."

भिंतीवरच्या सगळ्या सपाट पडद्यांवर एकच फूल होतं. आईनं प्रत्येकाकडे डोळे न मिटता टक लावून पाहिलं आणि एक निवडला. अरे, घेताय शर्यतीसाठी आणि पाहताय फूल! ते काय पळणार आहे? मी आतल्या आत चरफडलो. ते नवा घेऊन गेले, मी मागच्या खोलीत गेलो.

आठवड्यानं मायलेकी तक्रार घेऊन आल्या. "डोकं दुखायचं थांबलं हो," आई म्हणाली, "पण वळणावर गाडीमागे पुसट रेघ उरते, जणू शेपूट फुटतं. ही आता खेळायलाच बसत नाही. बाबा एकटेच बसतात."

"या पडद्यांचं तेवढं असतंच, ताई. पण जरा मागे या." दुरुस्तीच्या टेबलावर मी चालू होतो. "मी काल याला पंच्याऐंशीवर नेलं. साठवर का ठेवला होतात? त्यानंच डोकं दुखतं."

भिंगरी जवळ आली. दुकानदारानं शर्यत लावून दिली. गाडी वळली, स्वच्छ, शेपटाशिवाय. आई घड्याळ पाहत उभी राहिली. अर्ध्या तासानं तिनं हळूच विचारलं, "दुखतंय?"

"नाही गं आई. मुळीच नाही."

"हा परत मिळेल का?"

"आज सकाळीच विकला, ताई. माणूस न्यायला येतोच आहे."

आईनं हात पुढे केला आणि नखानं माझ्या कपाळावरची चिठ्ठी काढू लागली. सहा वर्षांचा डिंक, अर्धी निघाली, अर्धी तशीच राहिली.

मित्रांनो, घरातली वस्तू जपा, पण तिला हातही न लावता जपू नका. ती त्रास देऊ लागली, तर बाहेर काढण्याआधी दोन मिनिटं तिच्यासमोर बसा आणि तिला काय काय येतं ते पाहा. मला पंच्याऐंशी येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं.