सैल बोल्टवरची रेघ

मित्रांनो, दाराला टेकवून ठेवलेला हा लोखंडी दांडा म्हणजे मी, एक जुना बोल्ट. वाऱ्याने दार आपटू नये, एवढंच माझं काम आता उरलं आहे. एके काळी मी पवनचक्की उभी धरली होती.

पवनचक्कीचा मनोरा एकसंध नसतो. मोठमोठी नळकांडी एकावर एक चढवतात आणि त्यांच्या कडा आमच्यासारख्या बोल्टांनी आवळतात. मी तळाजवळच्या सांध्यात होतो. मला आवळलं ते फिटर नानांनी. मग माझ्या टोकापासून नटावरून कडेपर्यंत त्यांनी एक पांढरी रेघ ओढली. नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटते आणि सैल बोल्ट नजरेत भरतो. "काय पहिलवान, घट्ट ना?" म्हणत नाना मला थोपटायचे, तेव्हा माझी छाती फुगायची. वर यंत्राच्या खोलीत त्यांचा मेहुणा होता. बायकोच्या शब्दाखातर नानांनीच त्याला कामाला लावलं होतं.

पण त्या दोन कडा नीट बसल्याच नव्हत्या. मधली फट कोणाला दिसली नाही. मनोरा वाऱ्यावर डुलायचा आणि हळूहळू माझा नट फिरला. आणखी काहींचाही फिरला. नानांनी तुटलेल्या रेघा पाहिल्या. आवळायचं मशीन दुसरीकडे गेलं होतं आणि मोठे साहेब पाहणीला येणार होते.

"रेघा तेवढ्या नीट दिसू देत. मशीन आलं की आवळू," सुपरवायझर म्हणाला.

नानांनी जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या. त्या दिवशी त्यांनी मला थोपटलं नाही.

मशीन आलं, तेव्हा नाना मोठ्या साहेबांबरोबर दुसऱ्या पवनचक्कीवर होते. मेहुण्याने आमच्यावरून बॅटरी फिरवली आणि स्पीकरवर फोन लावला.

"दाजी, सगळ्या रेघा सरळ आहेत की! उगाच दिवस कशाला मोडायचा? मशीन परत पाठवू?"

पलीकडून साहेबांचं हसणं ऐकू आलं.

"बरं," नाना शेवटी म्हणाले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

सैल बोल्ट भार घेत नाही. आमच्या वाट्याचं ओझं घट्ट सोबत्यांवर पडत राहिलं आणि ते बिचारे आतून चिरत गेले. एका वादळी दुपारी पहिला तुटला, मग त्याच्या शेजारचा, मग पटापट सगळे. मेहुणा वर होता. मनोऱ्याबरोबरच तो खाली आला.

चौकशीला तुटलेले बोल्ट नेले. मी सैल, नटातून निसटून धडधाकट राहिलो, म्हणून भंगारात गेलो. वारा फार होता, असं ठरलं. नानांनी मला उचलून घरी का आणलं, ते त्यांनाच ठाऊक.

मित्रांनो, तुमच्या हातून काही सैल राहिलं, तर ते सैलच दिसू द्या. हे मी आता सांगून काय उपयोग, म्हणा.

काल नानांची बायको मला घासत बसली होती.

"अहो, ही पांढरी रेघ काही निघत नाही. कसली आहे?"

तिचा हात थांबला.

"माझ्या भावाने ओढली असेल, नाही? मग राहू दे."

"बरं," नाना म्हणाले.